ताण देणे, ताण तोडणे : ऑर्किडच्या हिवाळी विश्रांतीच्या प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर

यंदाच्या हिवाळ्याचा प्रकल्प एका ओळीत सांगता येतो. प्रत्येक कुंडीचे पाणी झाडाकडे बघून ठरवायचे, वाराकडे बघून नाही. ताण देणे म्हणजे विश्रांतीसाठी पाणी कमी किंवा बंद करणे, ताण तोडणे म्हणजे ते पुन्हा सुरू करणे. ‘ऑर्किडला आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला जितका लोकप्रिय तितकाच निरुपयोगी. ऑर्किडच्या कुळात २५,००० हून जास्त जाती आहेत. त्यांतल्या काही झाडांच्या फांद्यांवर वाढतात, काही खडकावर, काही जमिनीत. कोरड्या ऋतूत काहींची पाने पूर्ण झडतात, काही नुसती थबकतात, आणि काहींच्या मूळ रानात कोरडा ऋतूच नसतो. या सगळ्यांना एकच वेळापत्रक लावले की निम्मी सडतात आणि उरलेली फुलत नाहीत.

यंदाच्या नोंदीत धरलेली झाडे अशी. पानगळीची मंडळी म्हणजे कॅटासेटम, सिक्नोचेस आणि त्याच गोतावळ्यातला एक काळ्या फुलांचा संकर. डेंड्रोबियम नोबिले आणि डेंड्रोबियम लिंडलेयी यांना थंड, कोरडा, उजेडाचा काळ लागतो. कंदांवर हिवाळा काढणाऱ्यांत हॅबेनारिया, प्लिओनी आणि पानगळीचे कॅलांथे. तुलनेसाठी फॅलेनॉप्सिस, वांडा आणि फॅलेनॉप्सिससारखी चपटी फुले देणारे उष्ण हवेतले डेंड्रोबियम, कारण या तिघांना विश्रांती नसते आणि तरीही हिवाळ्यात सगळ्यात जास्त चुकीची वागणूक यांनाच मिळते.

साधने मोजकी. किमान-कमाल तापमान टिपणारा तापमापक, आर्द्रतामापक, आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा. प्रत्येक कुंडी भिजवून निथळल्यावर एकदा आणि माध्यम, म्हणजे कुंडीत भरलेले मिश्रण, पूर्ण सुकल्यावर एकदा वजन करून दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहिले. बोट खुपसून ओल बघणे वरच्या थरापुरते ठीक. कुंडीच्या पोटात काय चालले आहे ते काटाच सांगतो.

९ ऑक्टोबर

रात्रीचे किमान १९ अंश. दिवस लहान होताहेत, पण झाडांना अजून उन्हाळ्याचीच सवय आहे.

नोबिलेच्या या वर्षीच्या सगळ्या केन, म्हणजे पेरांची उभी खोडे, बघितल्या. केन पुरी झाल्याची खूण म्हणजे टोकाला येणारे शेवटचे आखूड पान. त्यानंतर उंची वाढत नाही, कांडे जाड होत जाते. सगळ्या केनवर ते पान आले आहे. म्हणून आजपासून नोबिलेचे खत बंद. या टप्प्यावर नत्र चालू ठेवले आणि त्यात ऊब मिळाली, तर पेरांवरचे डोळे फुलाऐवजी पिल्लाकडे वळतात. या पिल्लांना सगळीकडे कीकी म्हणतात. रोपे वाढवायची असतील तर उत्तम, फुले हवी असतील तर नाही.

फुलांसाठी म्हणून विकले जाणारे जादा स्फुरदाचे खत या प्रकल्पात कुठेच नाही. नोबिलेची कळी धरते ती थंडीने. थंडीची उणीव डबीतून भरून निघेल यावर माझा विश्वास नाही.

लिंडलेयीचेही खत बंद. फॅलेनॉप्सिस, वांडा आणि उष्ण हवेतले डेंड्रोबियम यांचे खत चालू, फक्त निम्म्या मात्रेने, कारण उजेड कमी होईल तशी भूकही कमी होते.

२१ ऑक्टोबर

कॅटासेटमची खालची दोन पाने पिवळी पडली. टोकाचे पान अजून हिरवे. पाणी निम्म्यावर आणले, खत थांबवले.

पिवळे पान ओढून काढायचे नाही. झडण्याआधी झाड त्यातले नत्र आणि इतर कामाची द्रव्ये परत स्यूडोबल्बमध्ये, म्हणजे साठवणीच्या फुगीर खोडात, ओढून घेते. पान देठाशी स्वतःहून सुटते तेव्हा तिथे पेशींचा एक थर आधीच तयार असतो आणि जखम कोरडी, बंद राहते. हिरवट पान हिसकले तर उघडी जखम उरते आणि पुढचे काही महिने ती भरून काढण्याइतकी वाढ झाडात नसते. टापटिपीच्या हौसेला इथे आवर घालावा लागतो.

पानांच्या मागच्या बाजूला बारीक रुपेरी ठिपके दिसले. लाल कोळी. कॅटासेटमची पाने पातळ, आणि हवा कोरडी होऊ लागली की कोळी पहिला मुक्काम तिथेच करतो. ही पाने महिनाभरात जाणारच आहेत, पण शेजारच्या झाडांकडे कीड जाऊ नये म्हणून कुंडी वेगळी ठेवून पानांच्या खालून पाण्याची धार मारली.

३ नोव्हेंबर

किमान १७, कमाल २४. फॅलेनॉप्सिसला यापेक्षा जास्त काही नको. दिवस-रात्र तापमान २७-२८ च्या वर राहिले तर ते नुसती पाने काढत बसते. काही आठवडे हवा त्याच्या खाली आली की पानाच्या बगलेतून फुलदांडा निघतो. याला विश्रांती म्हणत नाहीत. फॅलेनॉप्सिसला स्यूडोबल्ब नसतो, साठा जो काही आहे तो जाड पानांत आणि मुळांत. ‘हिवाळा आला, आता पाणी तोडा’ हे त्याला लागू केले की पाने लोळतात.

एका झाडाच्या बुडाशी हिरवे टोक दिसते आहे. गोल, गुळगुळीत असेल तर मूळ. किंचित चपटे आणि एका अंगाला फुगीर असेल तर दांडा. आज सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर

रात्री १३ अंशांवर आल्या. नोबिले आणि लिंडलेयी सगळ्यात थंड, सगळ्यात उजेडाच्या जागी हलवले. आता खरा ताण सुरू.

नोबिले हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या मोसमी जंगलांतले झाड. पावसाळ्यात भरपूर पाणी, मग कोरडा, थंड हिवाळा. त्या दिवसांत ज्या झाडावर ते बसलेले असते त्याचीही पानगळ होते, त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असलेल्या केनवर हिवाळ्यात थेट ऊन पडते. म्हणून ‘विश्रांती’ म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणे नव्हे. पाणी कमी, ऊब कमी, उजेड मात्र जास्त. पहिल्या दोन गोष्टी सगळे करतात, तिसरी राहून जाते, आणि मग मार्चमध्ये ‘एवढा ताण दिला तरी फुले नाहीत’ अशी तक्रार होते.

त्या जंगलांत पाऊस नसला तरी पहाटे दव असते. तेवढी ओल मुळांना पुरते. तेव्हा पाणी तोडणे म्हणजे शून्य नाही. उजाडताना मुळांवर बारीक फवारा, आणि उन्हे वर येईपर्यंत सगळे कोरडे. लिंडलेयीला त्याहूनही कमी. ते लाकडाच्या तुकड्यावर बांधलेले आहे, त्याला महिन्यातून एक-दोनदा शिंपडणे पुरे.

उष्ण हवेतले डेंड्रोबियम मात्र आत, उबेला. १५ अंशांखाली त्याची पाने झडू लागतात आणि ती झड विश्रांतीची नसते, थंडी बाधल्याची असते. चिठ्ठीवर दोघांचेही नाव डेंड्रोबियमच. या प्रजातीत हजाराहून जास्त जाती आहेत, आणि ‘डेंड्रोबियमला हिवाळ्यात कोरडे ठेवावे’ एवढ्यावर थांबणारा सल्ला त्यांतल्या अनेकांच्या जिवावर उठतो. झाड विकत घेताना जातीचे किंवा निदान गटाचे नाव विचारून घ्यावे ते एवढ्याचसाठी.

२४ नोव्हेंबर

निम्मी पाने झडलेली असताना कॅटासेटमने तुरा काढला आहे. नर फुले. आत मिशांसारखे दोन धागे असतात, त्यांना काडीने स्पर्श केला की परागाचा पुंजका उडून काडीला चिकटतो. खऱ्या जागी तो नर मधमाशीच्या पाठीवर बसतो. या नेमबाजीवर आणि नर-मादी फुले इतकी निराळी का दिसतात यावर डार्विनने १८६२ मध्ये लिहिले. त्याआधी ही दोन फुले वेगवेगळ्या प्रजातींची समजली जात.

तुरा आहे तोवर पाणी एकदम तोडणार नाही. कुंडीचे वजन ओल्या आणि सुक्या आकड्यांमधल्या अंतराच्या खालच्या चौथाईत आले की थोडे पाणी. फुले झडली की बंद.

सिक्नोचेस पूर्ण उघडे झाले. त्याचे पाणी आजपासून शून्य.

हॅबेनारिया जमिनीलगत पिवळे पडून आडवे होत आहे. वरचा भाग मेला तरी खाली या वर्षीच्या कंदाशेजारी पुढच्या वर्षीचा नवा कंद भरलेला असतो. जुना सुकून जातो. पाने हिरवी असेपर्यंत तो नवा कंद भरत राहतो, म्हणून पाणी पान वाळेपर्यंत हळूहळू कमी करायचे, आधी नाही.

५ डिसेंबर

प्लिओनीचा दिवस. पाने गळाली, स्यूडोबल्ब कुंडीतून काढले. प्लिओनीचा बल्ब एका वर्षाचाच धनी. यंदा भरला तो पुढच्या वर्षी फूल आणि नवी फूट देऊन संपतो. जुनी मुळे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर ठेवून कापली, कारण त्या खुंटांवर बल्ब नव्या मिश्रणात उभा राहतो. कागदात गुंडाळून, भोके पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, २ ते ५ अंशांवर. ही उंच डोंगरांतली झाडे आहेत, खरी थंडी मिळाल्याशिवाय कळी नीट सुटत नाही आणि आमच्या सगळ्यात थंड खिडकीचीही तेवढी ऐपत नाही.

ज्या फ्रिजमध्ये फळे असतात तिथे मात्र नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि बल्बच्या आत दडलेली कळी त्याने वाळते. बाहेरून काही कळत नाही. वसंतात फूलच येत नाही, एवढेच.

१८ डिसेंबर

किमान ९. आतापर्यंतची सर्वांत थंड रात्र. नोबिलेची जुन्या केनवरची पाने झडली, नव्या केनवरची अर्धी शिल्लक. नोबिले पूर्ण उघडे होईलच असे नाही, त्यामुळे ‘पाने झडली नाहीत म्हणजे ताण बसला नाही’ असा हिशेब करायचा नाही.

वांडाच्या मुळांची हिरवी टोके पांढऱ्या आवरणाने झाकली गेली. हे आवरण म्हणजे वेलामेन, मुळाभोवतीचा मृत पेशींचा थर. सुके असताना रुपेरी, भिजले की आतला हिरवा रंग दिसतो. टोक उघडे हिरवे असेल तर मूळ वाढते आहे, टोकापर्यंत पांढरे झाले तर थांबले आहे. वांडा थांबले आहे, पण झोपलेले नाही. त्याच्याकडे साठवणीला स्यूडोबल्ब नाही. पाणी चालू, फक्त सकाळी आणि खोलीच्या तापमानाचे. नळाचे गार पाणी या दिवसांत पानांच्या बगलेत साचले तर रात्रीत काळा, पाणचट डाग पडतो आणि जिवाणूंची सड सुरू होते. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंगळीत पडलेला थेंब कागदाच्या कडेने टिपून घेतला. बर्फाचे खडे ठेवून पाणी देण्याची टूम या प्रकल्पात येणार नाही.

आर्द्रता ३८ वर उतरली. पंखा सर्वांत मंद गतीवर, झाडांवर थेट नाही. कोंडलेली थंड ओल ही कोरड्या थंडीपेक्षा वाईट.

२ जानेवारी

कॅटासेटमची फुले संपली, पाने संपली. पाणी बंद. काळ्या फुलांच्या संकराचे अजून एक पान हट्टाने हिरवे आहे, पण त्याचेही पाणी आजपासून बंद. काही संकर आपणहून थांबत नाहीत, त्यांना थांबवावे लागते. एरवी जुन्या पानांसह अर्धवट चालू राहिलेले झाड नवी फूट उशिरा आणि कमजोर काढते.

दुपारी सगळ्या केन आणि स्यूडोबल्ब तपासले. सुकलेल्या कागदी आवरणांच्या आत पिठ्या ढेकूण सापडला, नोबिलेच्या दोन केनवर. पाने नसतात तेव्हा कीड शोधायला याहून बरी वेळ नाही. आवरण पेराशी चिरून अलगद सोलले, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याने लावले. सोलताना डोळ्याला नख लागता कामा नये. फूल तिथूनच येणार आहे.

११ जानेवारी

सुरकुत्यांविषयी. लिंडलेयीचे स्यूडोबल्ब आता खोल खाचांचे, वाळक्या खारकेसारखे झाले आहेत, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला त्याला पाणी द्यावेसे वाटते. बोटांनी दाबले तर टणक. म्हणजे साठा खर्च होतो आहे, जसा व्हायला हवा तसा. यात काळजीचे काही नाही.

सिक्नोचेसचा सर्वांत मागचा बल्ब मात्र बुडाशी मऊ लागला. रंग पिवळट तपकिरी, दाबल्यावर ओलसर, किंचित आंबूस वास. ही सड. ताणाची सुरकुती बल्बच्या लांबीभर सारखी पडते. सड एका जागी, बहुधा बुडाशी सुरू होते आणि तिथे झाड आक्रसण्याऐवजी पिळपिळीत होते. हा फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. बल्ब निर्जंतुक पात्याने छाटला, शेजारच्या बल्बपर्यंत, कापावर स्वच्छ पांढरा रंग येईतो. कापाला दालचिनीची पूड. मुळांना ती लागू दिली नाही, कारण तीही सुकवते.

टणक सुरकुतीही फार वाढली, बल्बचा घेर नजरेत भरण्याइतका उतरला, तर कुंडीच्या कडेने चार घोट पाणी. तेवढ्याने ताण मोडत नाही.

१९ जानेवारी

नोबिलेच्या वरच्या पेरांवर फुगवटे. हरभऱ्यापेक्षा लहान. पुढचे दोन आठवडे सगळ्यात अवघड, कारण फुगवटा अजून कळी की कीकी हे ठरायचे आहे. आता पाणी वाढवले किंवा उबेला नेले तर निर्णय फिरतो. गोल, बोथट टोकाचा फुगवटा कळीचा. टोकदार होऊन त्यातून पानाची नळी डोकावली तर कीकी. खालच्या एका पेरावर असे टोकदार एक आहेच. बाकी सगळे गोल.

तिथेच, त्याच थंडीत. फवारा तेवढाच.

फॅलेनॉप्सिसचे ते हिरवे टोक दांडा निघाले.

३० जानेवारी

पानगळीचे कॅलांथे फुलात आहे. रुपेरी, मधे आवळलेले बल्ब, एकही पान नाही, आणि बुडातून निघालेला लांब दांडा. नोबिले, लिंडलेयी आणि प्लिओनी ताण सोसून मग फुलतात, हे फुलता फुलता विश्रांतीत शिरते. त्यामुळे पाणीही उलटे चालते: दांडा उघडा असेपर्यंत थोडे थोडे, फुले संपली की पूर्ण बंद आणि बल्ब कोरडे, साधारण १५ अंशांवर, नवे कोंब दिसेपर्यंत.

माणसाने केलेला पहिला फुललेला ऑर्किड-संकर याच प्रजातीतला. जॉन डॉमिनी या माळ्याने इंग्लंडमध्ये केलेले ते कॅलांथे १८५६ मध्ये फुलले. त्याचे जनक सदाहरित जातींतले होते, म्हणजे त्यांना असा कडक ताण चाललाच नसता. एकाच प्रजातीत दोन्ही स्वभाव. पुन्हा तेच, नुसत्या प्रजातीच्या नावावर पाणी ठरत नाही.

८ फेब्रुवारी

नोबिलेचे फुगवटे आता निःसंशय कळ्या. एका पेरावर दोन-तीन, देठ सुटे दिसू लागलेले. आज ताण तोडला. पहिले पाणी आंबवणीचे, माध्यम जेमतेम ओले होईल इतके. चार-पाच दिवसांनी चिंबवणीचे, तळातून वाहीपर्यंत. बागायतीत बहर धरताना जो क्रम, तोच इथे. कोरड्या मुळांवर एकदम पूर ओतला तर मुळे कुजतात असे दरवर्षी दिसते.

जागा बदलली, पण कुंडीचे तोंड उजेडाकडे तेच ठेवले. कळ्या उजेडाचा अंदाज घेऊन वळतात. कुंडी फिरवत राहिले की फुले दशदिशांना बघतात.

खत अजून नाही.

१७ फेब्रुवारी

कॅटासेटमच्या बुडाशी हिरवा कोंब, अंदाजे दीड सेंटीमीटर. सगळ्या प्रकल्पात मला ज्या दिवसाची धास्ती असते तो हा. हिवाळाभर पाणी न देणे तसे सोपे, काही करायचे नसते. कोंब दिसला की हात शिवशिवतात.

या कोंबाला स्वतःची मुळे नाहीत. गेल्या वर्षीची मुळे कुंडीत आहेत, पण त्यांतली बहुतेक निकामी. कॅटासेटमची मुळे जवळपास एका हंगामाचीच असतात. कोंब सध्या जगतो आहे तो मागच्या बल्बमधल्या पाण्यावर आणि पिठूळ साठ्याची साखर करून. म्हणजे आत्ता ओतलेले पाणी पिणारे कोणी नाही. ते माध्यमात साचून राहील, कुंडीतले पाणी धरणारे मॉस आंबेल, आणि नवी मुळे बाहेर येताच त्या आंबलेल्या थरात घुसतील. शिवाय कोंबाची पाने अजून एकात एक अडकलेली, वरून पेल्यासारखी उघडी. त्यात पाणी बसले की कोंब आतून काळा पडतो.

पाणी नाही. पण कुंडी बदलायची हीच वेळ, मुळे सुटण्याच्या आधी. जुनी मुळे कापली, एक-दोन खुंट आधारासाठी ठेवले. तळाला कोळसा, वर नवे, कोरडे स्पॅग्नम मॉस. बल्बचे बूड मॉसच्या पातळीवर, खाली पुरलेले नाही.

कॅटासेटमच्या दोन सारख्या जुड्या (बल्बचे पुंजके) होत्या, त्यांतली एक चाचणीची. तिला नव्या कुंडीत लगेच पाणी चालू करणार, दुसरीला मुळे बोटाएवढी होईपर्यंत थांबवणार. ‘मुळे ८ ते १० सेंटीमीटर झाल्याशिवाय पाणी नको’ असे कॅटासेटम वाढवणारे सांगत आले आहेत. नियम ठाऊक आहे, तो मोडल्यावर नेमके काय होते ते शेजारी शेजारी बघायचे आहे.

२६ फेब्रुवारी

नोबिले फुलले. पांढरट पाकळ्या, टोके जांभळी, घशात गडद डाग. त्या खालच्या टोकदार फुगवट्याची अपेक्षेप्रमाणे कीकी झाली. मुळे सुटली की वेगळी करू.

९ मार्च

प्लिओनी फ्रिजमधून बाहेर. बल्बच्या बुडाशी कोंबाची टोके फुगली आहेत. सैल, निचऱ्याच्या मिश्रणात बल्बचा वरचा भाग उघडा ठेवून बसवले. फूल आधी येते, पान मागून, मुळे त्याच सुमाराला. फूल बघून पाण्याचा हात मोकळा सोडायचा नाही. फुलाचा खर्चही बल्बच उचलतो. आत्ता ओल फक्त जाणवेल इतकी.

चाचणीच्या कॅटासेटमची नोंद. पाणी मिळालेल्या जुडीचा कोंब उंच, पाने उलगडू लागलेली. कोरड्या जुडीचा कोंब बुटका, पण बुडातून पांढरी जाड मुळे मॉसमध्ये शिरलेली, पारदर्शक कुंडीच्या भिंतीपर्यंत. ओल्या जुडीची मुळे आखूड, वरच्या थरातच. मॉसवर हिरवट शेवाळ. आज कोणी बघितले असते तर ओली जुडी सरस म्हणाले असते.

२३ मार्च

कोरड्या जुडीची मुळे ९-१० सेंटीमीटर. ताण तोडला. कुंडीच्या कडेकडेने आंबवणीचे पाणी, कोंबाला थेंब न लागू देता.

ओल्या जुडीचा कोंब बुडाशी तपकिरी. सगळ्यात बाहेरचे पान ओढताच हातात आले. कोंब छाटला, मागच्या बल्बवर दुसरा डोळा शिल्लक आहे, तो फुटेल. एका कुंडीवरून सिद्धांत मांडणे धाडसाचे, आणि थांबवलेल्या जुडीचीही सड कधीतरी होऊ शकते. तरी मुळांच्या लांबीतला फरक योगायोग वाटत नाही. कोरड्यात मूळ ओल शोधत जाते, आणि पुढे पाणी वाढते तेव्हा ते पिण्याइतकी मुळे आधीच असतात.

सिक्नोचेसची मुळे ४ सेंटीमीटर. थांबा. काळ्या फुलांच्या संकराला आत्ता कुठे कोंब.

२ एप्रिल

थांबवलेल्या कॅटासेटमला चिंबवणी होऊन गेली, पाने उलगडताहेत. आजपासून खत, पाव मात्रा, प्रत्येक पाण्याबरोबर. पुढच्या काही महिन्यांत या झाडाला पाणी आणि नत्र दोन्ही जास्तीत जास्त लागेल. वर्षभराचा नवा बल्ब इतक्या थोड्या महिन्यांत भरायचा असतो, त्यामुळे आता हात आखडणे हाही तोटाच.

नोबिलेच्या बुडाशी नव्या केनचे कोंब. फुले संपत आली. खत निम्म्या मात्रेने सुरू. फुललेल्या केन कापल्या नाहीत. पाने नसली तरी हिरवी केन अन्न बनवते आणि नव्या कोंबाला पोसते.

हॅबेनारियाच्या कुंडीत अजून काही नाही. कंद उकरून बघितला: टणक, टोकाला फिकट डोळा, अर्ध्या मिलिमीटरचा फुगवटा. हा कंद लहान, त्यामुळे हाडासारखा कोरडा ठेवला तर सुकून जातो. म्हणून हिवाळाभर कुंडीच्या कडेला महिन्यातून चमचाभर पाणी होते. पुन्हा पुरला, डोळा वर. कोंब मातीबाहेर येऊन पान सुटेपर्यंत तेवढेच.

१४ एप्रिल

लिंडलेयीच्या खारका-बल्बच्या कुशीतून तुऱ्यांची टोके. एकदोन आठवड्यांत सोनेरी घोस लोंबतील. तुरे स्पष्ट दिसताच पाणी सुरू केले, पहिल्या दिवशी फवारा, आता दर दोन-तीन दिवसांनी भिजवणे. बल्ब फुगायला लागले, खाचा उथळ झाल्या. जुने बल्ब पूर्वीइतके गुटगुटीत होतातच असे नाही आणि त्याचे काही बिघडतही नाही.

सिक्नोचेसची मुळे ८ सेंटीमीटरच्या पुढे. उद्या आंबवणी. काळ्या संकराची मुळे अजून दोनच सेंटीमीटर. त्याला बहुधा मे उजाडेल.

चिठ्ठ्या बदलायच्या आहेत. नव्या कुंड्यांतल्या झाडांची ओली आणि सुकी वजने पुन्हा घ्यायची, कारण मॉस, कोळसा आणि कुंडी तिन्ही बदलले. सिक्नोचेसचे ओले वजन उद्या नको, चिंबवणीनंतर. ज्या जुडीचा कोंब गेला तिची चिठ्ठी वेगळ्या रंगाची. दुसरा डोळा फुटला की त्यावर कोंबाची तारीख आणि मुळांची लांबी दोन्ही लिहायची, आणि या वेळी पाणी मुळे बघूनच.